बरोबरची खूण

मॅडम: पेन द्या.

बाबा: साधं पेन आहे, मॅडम.

मॅडम: मागच्या महिन्यात त्या जुळ्यांच्या बापाकडेही साधंच पेन होतं. त्यातल्या कॅमेऱ्याने तासाभराचा सिनेमा काढला त्याने, आवाजासकट. द्या इकडे. लिहायचंच असेल तर ही पेन्सिल घ्या.

बाबा: पेन्सिलीचं खोडता येतं. आमच्या कामात पेन्सिल चालत नाही.

मॅडम: तुमचं काम दुकानांतले वजनकाटे तपासायचं. ते सोमवारी करा. शनिवारी अकरा ते बारा तुम्ही कोर्टाच्या या खोलीत असता, आणि इथे तुम्ही फक्त खारूचे बाबा. फोन?

बाबा: तुमच्या खणात. अकराला बावीस मिनिटं कमी असताना दिला. नोंदवहीत सही आहे.

मॅडम: घड्याळ?

बाबा: काट्यांचं आहे. उघडून दाखवू?

मॅडम: नको. परत लागलं नाही तर त्याचं खापर माझ्यावर फोडाल.

बाबा: खारूच्या आईची पर्स अशीच बघता का?

मॅडम: तिला तर चपला काढायला लावल्या होत्या. मी पंक्तिप्रपंच करत नाही, काटेसाहेब. माझा संशय सगळ्यांना सारखा वाटलेला असतो.

बाबा: मग आज तिकडे थोडा जास्त वाढा. ही वही वाचा.

मॅडम: पोर यायला दहा मिनिटं आहेत. तुम्हीच सांगा काय आहे.

बाबा: अकरा भेटी, पाच प्रश्न. प्रत्येक भेटीत तेच पाच, त्याच क्रमाने, भेट सुरू होताच.

मॅडम: कोणाला? पोरीला? आठ वर्षांच्या?

बाबा: सोपे आहेत. शाळेत कोण सोडतं? रात्री कोणाजवळ झोपतेस? घरी कोण कोण येतं? आई माझ्याबद्दल काय म्हणते? आणि माझ्याकडे राहायला यावंसं वाटतं का?

मॅडम: सोपे म्हणे! शेवटचा मला कोणी विचारला असता तर मी त्या दिवशी रजाच टाकली असती.

बाबा: थट्टा नको. पहिल्या तीन भेटींत उत्तरं बदलत होती. चौथीपासून अकरावीपर्यंत, आठही वेळा, तीच. शब्द न् शब्द. पाचव्याला काय म्हणते बघा: 'मला आईजवळ राहायचं आहे, पण मला बाबापण आवडतो.' आठ वेळा. मधे श्वास घेते तोसुद्धा त्याच जागी.

मॅडम: पोरांना एखादं वाक्य आवडतं. माझा नातू गेले सहा महिने 'मला काय त्याचं' एवढंच बोलतोय.

बाबा: ऐका. मी काट्यावर एकच वजन दहा वेळा ठेवतो. चांगला काटासुद्धा दहा वेळा तंतोतंत तेच दाखवत नाही. शेवटचा आकडा जरा इकडेतिकडे होतोच. वारा असतो, वजन ठेवणारा हात असतो. दहाही वेळा शेवटच्या आकड्यापर्यंत तेच आलं, तर एक तर काटा अडकलाय, नाहीतर कोणीतरी घरी बसून तक्ता भरलाय.

मॅडम: आणि इथे तक्ता कोणी भरला?

बाबा: ती आता बाहेरच्या बाकावर येऊन बसेल.

मॅडम: पुरावा?

बाबा: हा काय तुमच्या हातात.

मॅडम: ही तुमची वही आहे. तुम्हीच विचारलं, तुम्हीच लिहिलं. उद्या मी म्हणेन मी गाते छान, आणि साक्षीदार कोण, तर मीच.

बाबा: म्हणून तर तुमच्याशी बोलतोय. चौदा तारखेला न्यायाधीशांसमोर रविवारच्या भेटीचं ठरणार आहे. महिन्यातून दोन रविवार, दिवसभर, माझ्या घरी. वकीलसाहेब म्हणतात त्याच दिवशी अर्ज टाकू, की आई मुलीला पढवते. सोबत तुमचा अहवाल असला तर...

मॅडम: तर दोनाचे चार रविवार.

बाबा: कदाचित ताबाही.

मॅडम: आणि अर्ज फसला तर? पढवल्याचा आरोप आला की न्यायाधीश पोरीला आत बोलावून विचारतात. त्याची तारीख पडेपर्यंत भेटी थांबवा म्हणून समोरचा वकील टेबलावर चढेल. सतरा वर्षं ही खोली सांभाळतेय मी. तेल गेलं, तूप गेलं, असे बाप या खुर्चीतून रोज बघते.

बाबा: सात वर्षं तिच्या केसांचा गुंता मी काढत होतो. आता महिन्याला दोन तास मिळतात, तेही काचेआडून कोणीतरी बघत असताना. माझं अजून काय जायचंय?

मॅडम: ते दोन तास जायचेत. खारूची आई काय म्हणते, सांगू? तिच्या जबाबातच आहे, म्हणून सांगते. म्हणते, हा माणूस घरातसुद्धा तपासणीला आल्यासारखा राहायचा. मी किती वाजता आले, कोणाशी फोनवर किती मिनिटं बोलले, सगळं कॅलेंडरवर बारीक अक्षरात. शेवटी मला माझ्याच घराचं दार उघडताना घड्याळ बघायची सवय लागली.

बाबा: लिहायचो. कारण ती सांगायची सात आणि यायची नऊला.

मॅडम: लिहिल्यावर लवकर यायला लागली?

बाबा: नाही. सांगणं बंद केलं.

मॅडम: हं.

बाबा: हं म्हणजे?

मॅडम: हं म्हणजे हं. माझी चार टेबलं आहेत, चार घरं आहेत, मी एकटी आहे. पण आज एक कान तुमच्याकडे ठेवते. जे दिसेल ते लिहीन, तुमच्या सोयीचं असो की नसो. आली बघा तुमची खारू. हसा जरा. वाण्याच्या दुकानात धाड घालायला आल्यासारखे बसू नका.

खारू: हॅलो बाबा.

बाबा: ये गं. बस. नवे बूट?

खारू: जुनेच आहेत. धुतले.

बाबा: कोणी धुतले?

खारू: हा पण प्रश्न आहे?

बाबा: नाही, नाही. सहज.

खारू: मग मीच. आज आधी प्रश्न की आधी रंग?

बाबा: आधी प्रश्न. म्हणजे मग मोकळे.

खारू: थांब हं, रंगपेटी उघडून ठेवते. अशी उभी. हां, विचार.

बाबा: शाळेत कोण सोडतं?

खारू: सकाळी आई सोडते आणि दुपारी आजी आणते.

बाबा: रात्री कोणाजवळ झोपतेस?

खारू: मी माझ्या पलंगावर झोपते, आई शेजारी झोपते.

बाबा: घरी कोण कोण येतं?

खारू: आमच्या घरी... आमच्या घरी कोणी येत नाही.

बाबा: खाली काय बघतेस?

खारू: पिवळा. पिवळा कुठे गेला ते.

बाबा: पिवळा तुझ्या हातात आहे. झाकण बघू.

खारू: नको ना.

बाबा: बघू म्हटलं ना, खारू.

खारू: बाबा, फाटेल! ओढू नको!

बाबा: मॅडम! मॅडम, इकडे या. लगेच.

मॅडम: ओरडू नका, बाकीची पोरं दचकतात. काय झालं?

बाबा: रंगपेटीच्या झाकणात आतून चिकटवलं होतं. वाचा. पाच उत्तरं. माझ्या क्रमाने, आकडे घालून.

मॅडम: अक्षर तर पोरीचं आहे.

बाबा: लिहून घेतलंय. आईने सांगायचं, हिने लिहायचं. पकडलं गेलंच तर अक्षर पोरीचं. हुशार आहे ती, मी सांगतोय ना.

मॅडम: 'मला आईजवळ राहायचं आहे, पण मला बाबापण आवडतो.' खरंच की, जसंच्या तसं. बाळ, हे तुला कोणी लिहायला सांगितलं? कोणी रागावणार नाही.

खारू: आईला सांगू नका.

बाबा: ऐकलंत?

मॅडम: ऐकलं. पण याचा अर्थ मला दोन्हीकडून लावता येतो.

बाबा: एकाच बाजूने लागतो. कागद सापडला हे कळलं तर आई रागावेल. म्हणजे कागद आईचा.

मॅडम: तुमच्या बोलण्यात तथ्य वाटायला लागलंय मला, काटेसाहेब, आणि तेच मला आवडत नाहीये. ठीक आहे. जे दिसलं ते दिसलं. मी फॉर्म आणते. आता बाहेर काय झालं? परत ते जुळ्यांचे आईबाप! पाच मिनिटं उशीर झाला म्हणून नोंदवहीच ओढतायत. मी आलेच. कागद टेबलावर राहू द्या, आणि मी येईपर्यंत पोरीला एक अक्षर विचारू नका.

(मॅडम बाहेर जातात. काचेचं दार लागतं. पलीकडच्या बाकावर खारूची आई मान वळवून आत बघते, पण तिला आतलं काही ऐकू येत नाही.)

बाबा: रडू नकोस.

खारू: मी नाही रडत. नाक वाहतंय.

बाबा: हा घे रुमाल.

खारू: मी नापास का आता?

बाबा: कशात?

खारू: कॉपी केली ना मी. आमच्याकडे कॉपी केली की बाई पेपर काढून घेतात. तू काढून घेतलास.

बाबा: मॅडम म्हणाल्यात काही विचारायचं नाही.

खारू: मग नको विचारू. मीच सांगते. आईला हे माहीतच नाही. तिला कळलं तर ती म्हणेल, बाबाला भेटायला जातेस की परीक्षेला? म्हणून मी बाथरूममध्ये पाठ करते. नळ सोडून.

बाबा: खारू, खरं सांग. ही उत्तरं तुला दिली कोणी?

खारू: तूच.

बाबा: मी?

खारू: तू बरोबरची खूण करतोस ना.

बाबा: कुठे?

खारू: वहीत. दे इकडे, दाखवते. हे बघ, पहिल्यांदा मी सांगितलं तेव्हा तू किती लिहिलंस. आमच्या बाईंनीपण वहीत खूप लिहिलं की ते चुकलेलं असतं. मग पुढच्या वेळी मी दुसरं सांगितलं, तर तेव्हापण खूप लिहिलंस, आणि मग रंगवायला वेळच उरला नाही. तिसऱ्यांदापण तसंच. मग चौथ्यांदा मला काही सुचेना, म्हणून मी मागचंच परत सांगितलं. तर तू काही लिहिलंच नाहीस. फक्त ही खूण. ही, ही, ही, ही आणि ही. पाचही बरोबर!

बाबा: खारू, ती खूण म्हणजे... ती मी वेळ वाचवायला करतो. मागच्यासारखंच उत्तर आलं, एवढाच अर्थ तिचा. बरोबर असा नाही.

खारू: आमच्या बाईंची खूणपण अश्शीच असते.

बाबा: हो. अशीच असते.

खारू: मग मी ते पाठ केलं. पण तिसरा नेहमी विसरते, म्हणून चिठ्ठी. घरी कोण येतं त्याला मी पहिल्यांदा 'एक काका' म्हटलं होतं. तेव्हा तू विचारतच बसलास. कोण काका, उंच आहेत का, किती वाजता येतात, चष्मा आहे का, राहतात का. मला चष्म्याचं आठवेना. मग मी 'कोणी येत नाही' केलं. ते सोपं आहे.

बाबा: म्हणजे ते खोटं होतं.

खारू: खोटं नाही, बरोबर होतं. खूण आहे ना. तुला खरं हवंय का? घरी कोण येतं ते खरं सांगू?

बाबा: थांब.

खारू: आता मला चष्मापण माहीत आहे.

बाबा: थांब म्हटलं ना. एक मिनिट थांब.

खारू: तुला नकोय?

बाबा: हवंय. इतकं हवंय की... नको सांगूस.

खारू: हवंय की नको? एक काहीतरी सांग.

बाबा: हवंय, पण सांगू नकोस. तुमच्या घरी कोण येतं, ते तुमच्या घरचं.

खारू: मग इतक्या वेळा कशाला विचारलंस?

बाबा: चुकलं माझं.

खारू: मोठ्यांचं चुकलं की त्यांचा पेपर कोण काढून घेतं?

बाबा: बघू. बाहेर गेल्यात त्या बहुतेक.

खारू: पण बाबा, आठ वेळा सगळी बरोबर आली होती ना? म्हणजे चिठ्ठीच्या आधी तरी मी पास होते ना?

बाबा: पास होऊन कुठे जायचं होतं तुला?

खारू: पुढच्या वर्गात. म्हणजे तुझ्या घरी. आजी फोनवर कोणाला तरी सांगत होती, चौदा तारखेला ठरणार, पोरीने बापाच्या घरी जायचं की नाही ते. मग मी ठरवलं, आता एकपण चुकवायचं नाही. एक चुकलं तर परत हीच खोली.

बाबा: पाचव्या प्रश्नाला तू अगदी पहिल्यांदा काय म्हणाली होतीस, आठवतं?

खारू: नाही.

बाबा: इथे लिहिलंय. माझ्याकडे यावंसं वाटतं का? तू म्हणालीस, 'हो. कधी?'

खारू: आणि मग तू केवढं लिहिलंस त्याच्याखाली! अर्धं पान. म्हणून तर मला वाटलं ते चूक. काय लिहिलंयस?

बाबा: काही नाही.

खारू: मी वाचते. 'लगेच हो म्हणते. घरी त्रास आहे का? आईने मुद्दाम हो म्हणायला लावलं का? वकिलांना विचारणे.' बाबा, कसला त्रास?

बाबा: काही नाही गं. मिट ती वही.

मॅडम: मिटलं एकदाचं! पाच मिनिटांसाठी पंधरा मिनिटं भांडले, आणि दोन्ही पोरं तिकडे खुर्च्यांची गाडी करून खेळतायत. हं, हा फॉर्म. तुमचंच खरं निघालं, काटेसाहेब. मी लिहिते, 'भेटीदरम्यान मुलीजवळ तयार उत्तरांचा कागद आढळला.' कागद द्या, टाचणी लावते. खाली सही करा. तुमचा वकील आनंदाने वेडा होईल.

बाबा: थांबा. त्या कागदात तिच्या आईचा हात नाही.

मॅडम: काय?

बाबा: आईने लिहून घेतलेला नाही तो.

मॅडम: पंधरा मिनिटांपूर्वी तर तुम्ही सगळी खोली डोक्यावर घेतली होती.

बाबा: तेव्हा मी चुकीचं वाचत होतो.

मॅडम: हे बघा, माझी पाठ फिरली आणि तुमचं मत फिरलं, असं होत नसतं. तिने बाहेरून काही खुणावलं का? धमकी? की तडजोड झालीये आणि मला शेवटी कळणार?

बाबा: यातलं काही नाही.

मॅडम: मग पोर रडली आणि तुम्ही विरघळलात. असे विरघळलेले खूप बघितलेत मी. पुढच्या तारखेला परत गोठून येतात.

बाबा: मॅडम, तुम्ही माझं खोटं पटकन मानलंत. खरं बोलतोय तर इतका संशय?

मॅडम: खोटं तुमच्या फायद्याचं होतं, म्हणून कळत होतं. हे कोणाच्या फायद्याचं आहे तेच कळेना.

बाबा: वही बघा. पहिल्या तीन भेटी, प्रत्येक उत्तरापुढे माझं लिखाण. चौथ्या भेटीत तिने तिसऱ्यातलीच उत्तरं परत दिली. मी लिहायचा कंटाळा केला आणि पाच खुणा केल्या. तिथून पुढे सगळ्या खुणाच. आता कागदावरची उत्तरं तिसऱ्या भेटीशी ताडून बघा.

मॅडम: तीच आहेत.

बाबा: तिला वाटलं खूण म्हणजे बरोबर. तिने बरोबर आलेली उत्तरं धरून ठेवली. आठ वेळा मी मोजलं आणि आठही वेळा माझंच बोट काट्यावर होतं.

मॅडम: म्हणजे पढवणारी बाहेर बसलेली नाही.

बाबा: नाही.

मॅडम: पढवणारा माझ्यासमोर बसलाय.

बाबा: हो.

मॅडम: जपून बोला. माझ्या कानावर पडलं ते मला लिहावं लागतं.

बाबा: लिहा.

मॅडम: समोरच्या वकिलाला आयतं कोलीत मिळेल. 'बापाने मुलीची सहा महिने उलटतपासणी घेतली.' चौदा तारखेला रविवार मागायची सोयच राहणार नाही.

बाबा: माहीत आहे.

मॅडम: आणि नुसता कागद जोडला तर रविवार तुमचे. मी बाहेर होते. पोर तुमच्याशी काय बोलली ते भिंतींना माहीत. हे मी सुचवत नाहीये, हं. तुम्ही विचार केला असेल, म्हणून विचारतेय.

बाबा: केला. तुमच्या दाराचा आवाज आला तोपर्यंत तोच करत होतो.

मॅडम: मग?

बाबा: मग न्यायाधीश तिला आत बोलावतील. एकेक विचारतील. आणि ती बोलली की समोर कोणीतरी खूप लिहील. तिला वाटेल परत तिचंच चुकलं.

मॅडम: द्या तो फॉर्म. हा रद्द. दुसरा घेते. आता तुमच्या शब्दांत सांगा, मी घालणार नाही माझे. नाहीतर उद्या म्हणाल बाईंनी तोंडात घातलं.

बाबा: 'मी अकरा भेटींत माझ्या मुलीला तेच पाच प्रश्न विचारले. आजच्या बाराव्या भेटीतही तेच सुरू केले. उत्तर मागच्यासारखं आलं की मी वहीत खूण करत होतो. मुलीने ती खूण शाळेतल्यासारखी बरोबर म्हणून वाचली, आणि ती उत्तरं पाठ केली. यात तिच्या आईचा हात नाही.'

मॅडम: 'हात नाही' हे तुम्हाला कसं माहीत?

बाबा: या पाच उत्तरांपुरता नाही. बाकीचं मला माहीत नाही.

मॅडम: 'या पाच उत्तरांपुरता.' हे बरं केलंत. तुम्ही एकदम साधुसंत झाला असतात तर मी हा फॉर्मही फाडला असता.

बाबा: वकीलसाहेब मला सोडून जातील.

मॅडम: जाऊ द्या. ते तासावर आहेत, तुम्ही जन्मावर आहात. इथे सही. आणि हे बघा, खाली मी माझं एक वाक्य लिहिणार आहे. ते तुम्हाला दाखवणार नाही.

बाबा: चांगलं आहे की वाईट?

मॅडम: बघितलंत? लगेच तपासणी सुरू. तिकडे बसा जाऊन. पंधरा मिनिटं उरलीत तुमची.

खारू: मॅडम काय लिहितायत?

बाबा: माझा निकाल.

खारू: नापास?

बाबा: बहुतेक.

खारू: मग तुझ्या घरी नाही जायचं?

बाबा: लगेच नाही जाता येणार.

खारू: माझ्यामुळे?

बाबा: नाही. तुझी सगळी बरोबर होती. पहिल्या दिवसाचीसुद्धा. माझ्यामुळे. रंगवायचं का?

खारू: नको. तुझं घर कसं आहे?

बाबा: एकच खोली आहे. दुसऱ्या मजल्यावर. खाली एक शिंपी आहे.

खारू: मशीनचा आवाज येतो?

बाबा: सकाळी सातपासून. नुसता आवाज नाही, जमीन थरथरते. टेबलावर मी पितळी वजनं मांडून ठेवतो ना, ती हळूहळू सरकत सरकत कडेला येतात.

खारू: आपोआप?

बाबा: आपोआप. मुंग्यांसारखी. संध्याकाळी येऊन परत मागे ढकलायची.

खारू: कधी पडली का?

बाबा: एक पडलं. सगळ्यात छोटं, तुझ्या नखाएवढं. अजून सापडलं नाही.

खारू: पलंगाखाली बघितलंस?

बाबा: बघितलं.

खारू: दाराशी पायपुसणं आहे?

बाबा: आहे.

खारू: त्याच्याखाली?

बाबा: तिथे नाही बघितलं.

खारू: तिथे बघ. पायपुसण्याखाली सगळं जातं. टेबलापासून दार कुठे आहे? इकडे की इकडे?

बाबा: इकडे. आणि मधे खिडकी.

खारू: खिडकीतून काय दिसतं?

मॅडम: वेळ झाली. चल, खारू. आई उभी आहे बाहेर.

खारू: थांबा ना, मॅडम. बाबा मला घर दाखवतोय.